न उचललेले विडे

आमच्या पाड्यात नाही म्हणायला तोंड उघडावं लागत नसे. नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येक तांडेल, म्हणजे मासेमारीच्या मचव्याचा म्होरक्या, आपल्या ओट्यावर घोंगडी अंथरून बसायचा आणि समोर परातीत विडे मांडायचा. ज्या खलाशाला त्याच्या मचव्यावर यायचं असेल त्याने यायचं, विडा उचलायचा, तोंडात घालायचा. मग पुढच्या पावसापर्यंत तो त्या मचव्याचा. ज्याला यायचं नसेल तो यायचाच नाही. कारण विचारायचं नाही, सांगायचंही नाही. वाडवडिलांनी ही रीत भांडणं टाळायला घातली असणार, आणि भांडणं टळतही होती. पण कोण कोणाला का सोडून गेलं हे कळायची वाटच तिने बुजवून टाकली होती. मला हे कळलं, ते माझी परात भरलेली राहिली तेव्हा.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढेमागे घडली. श्रीवर्धन-दिवेआगरचा आमचा किनारा तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाचा होता आणि मचवे सगळे शिडावर चालायचे. वडील वारले तेव्हा मला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. मचवा आला तो माझ्या गळ्यात, आणि त्यासोबत वडिलांच्या वयाचे खलाशी. जो तो मला शिकवायचा. वारा असा धर, शीड तसं सोड, अमक्या ठिकाणी जाळं टाकू नको. त्या सगळ्यांपुढे मी पोर ठरू नये म्हणून दोन शब्द जवळ बाळगले होते: ‘ठाऊक हाय’. कोणी काही सांगायला लागला की त्याचं वाक्य संपायच्या आत मी ते त्याच्या तोंडावर ठेवून द्यायचो. पुढे मी खरोखरच चांगला तांडेल झालो. हे मी बढाईने सांगत नाही, पाड्यातलं कोणीही सांगेल. वाटा कधी कमी दिला नाही, माणूस कधी गमावला नाही. ते दोन शब्द मात्र तसेच राहिले, आणि ते राहिलेत हे मला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी सकाळी अंघोळ करून मी ओट्यावर बसलो. बायकोने विडे करून दिले होते. समोरच्या ओट्यावर एक म्हातारा तांडेल बसला होता. माझ्या वडिलांचा जोडीदार, तोंडाने फाटका, पण समुद्रात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्याकडे माणसं येऊ लागली. हसणं, खोकणं, पिंका टाकणं सुरू झालं. मग माझ्याकडे दर वर्षी येणारा, वडिलांच्या वेळेपासूनचा जुना खलाशी गल्लीत दिसला. मी सावरून बसलो. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी देवळावरून जाताना हलवावी, आणि तो समोर जाऊन बसला. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. मी घोंगडीचा कोपरा सरळ करत राहिलो.

माझा धाकटा भाऊ शेजारच्याच दारातून बाहेर आला. घर एकच होतं, त्याचं लग्न झाल्यावर मधे कूड घालून दोन चुली केल्या होत्या. तो माझ्या मचव्याच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला बसायचा. सुकाणू मागे असतं, आणि शीड भरलं की सुकाणूवरच्या माणसाला शिडाआडचं काही दिसत नाही. नाळीवरच्याने बघायचं, ओरडायचं, मागच्याने वळवायचं, अशी ती जोडी. हा तरी येईल असं मी धरूनच चाललो होतो. त्याने परातीकडे पाहिलं. पायांत वहाणा घातल्या आणि खाली किनाऱ्याकडे निघून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत पानं सुकून त्यांच्या कडा काळ्या पडल्या. बायकोने परात उचलली.

खलाशी नसतील तर मचवा वाळूत पडून राहतो. वाळलेल्या मचव्याच्या फळ्या उघडतात, मग पुढच्या वर्षी तो पाण्यात घालायच्या लायकीचा राहत नाही. तांडेलाचा मग खलाशी होतो, आणि दुसऱ्याच्या ओट्यावर विडा उचलायला जातो. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. माझा स्वभाव असा की भीती वाटली की मी आधी रागावतो.

सकाळी उठून मी समोरच्या म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, “माझी माणसं फोडलीत तुमी.”

तो दाढीला तेल चोळत होता. “मी कशाला फोडू? माझ्या मचव्यावर जागा कुठं हाय? नुसती येऊन बसली. तुझ्यातल्या कुनी इडा अजून उचलला न्हाय माझा.”

“मग आली कशाला?”

“त्यानला इचार.” त्याने हात पुसले. “पन तू आलास म्हनून सांगतो. समुद्रात तुझ्या बाजूनं जातो ना मी, तवा ऐकतो. माझ्या मचव्यावर कोंबडबाजार अस्तो. तुझ्या मचव्यावर सुतक.”

“ठाऊक हाय मला,” मी म्हणालो. “माझी माणसं शिस्तीची आहेत.”

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग खो खो हसला आणि म्हणाला, “व्हय रं बाबा, ठाऊक असनारच तुला,” आणि पाठ फिरवून आत गेला. मी तसाच परतलो. माझ्या मते मी त्याला गप्प केलं होतं.

घरी बायको परसात सुक्या मासळीला ऊन दाखवत होती. मी तिच्यापुढे येरझारा घालत बोलत सुटलो. म्हाताऱ्याने माणसं भरवली, भाऊ बायकोच्या नादाला लागला, जुन्या खलाशाला माझं चांगलं बघवत नाही. ती ऐकत होती. ती फार ऐकायची, आणि मला वाटायचं की तिचा स्वभावच अबोल आहे.

“मानसं तुमाला काय म्हनतात, ठाऊक हाय?” तिने विचारलं.

“ठाऊक हाय.”

“काय म्हनतात?”

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला पुढचा प्रश्न विचारला होता. ती बोंबील उलटे करत होती आणि मान वर न करता वाट बघत होती.

“सांगा की. ठाऊक हाय ना?”

“काय म्हणतात?” मी शेवटी विचारलं.

“ठाऊकबुवा. सगळा पाडा म्हनतो. पोरंबी म्हनतात.” मग तिने मान वर केली. “होळीपासून मागचा पाखा खचलाय घराचा. पावसात माझ्या चुलीवर पानी पडतं. मी तुमाला सांगितलं न्हाय. काय सांगू? तुमाला ठाऊक असनारच.”

मी चुलीपाशी जाऊन पाहिलं. छपराचा पाखा हातभर खाली बसला होता. आतून तिने बांबूचा टेकू दिला होता आणि वर पोतं टाकलं होतं. सगळा पावसाळा मी त्याच छपराखाली जेवलो होतो.

परत आलो तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलेला. “लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्साला मी सांगायचं सोडलं. एक शबूद बोलले की तुमी तो कापून टाकायचे. मला बाई वाटलं, ह्यांना बायको नको, आरसा हवाय. माझं जाऊंद्या. पन भावजींना इचारा, आन् इचारलं की तोंड बंद ठेवा. जमंल का?”

जमेल, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. तिच्यावर राग आला होता, हे लपवत नाही. भर दुपारी, माझ्याच परसात, माझ्या बायकोने मला सोलून ठेवलं होतं. चप्पल घातली आणि किनाऱ्याकडे चालू लागलो. विचारायला नव्हे, भांडायला.

भाऊ माझ्या मचव्याच्या सावलीत बसला होता. ते बघून मी थोडा मवाळ झालो. दुसऱ्याच्या मचव्यापाशी असता तर गोष्ट तिथेच संपली असती. मी त्याच्या शेजारी वाळूत बसलो. त्याच्या हातात दोरीचा तुकडा होता, तो उगाच तिला गाठ मारायचा आणि सोडायचा.

“विडा का नाही उचललास?”

“रीत न्हाय इचारायची.”

“मी विचारतोय.”

त्याने एक गाठ सोडली. मग म्हणाला, “दादा, गेल्या हिवाळ्यात धुकं हुतं, आपन खडपावरून—”

“ठाऊक हाय,” मी म्हणालो. “तीच ना गोष्ट—”

तो उठला. कपडे झाडले आणि म्हणाला, “मंग सांगायचं कशाला?”

मी त्याचा हात धरला. तेवढ्यात मला माझा आवाज ऐकू आला होता. दोघांनी सांगून झाल्यावर, एका दिवसात, पुन्हा तेच. जणू माझ्या तोंडात दुसरंच कोणी बसलं होतं. मी त्याला खाली ओढलं आणि म्हणालो, “बोल. मी गप्प बसतो.” आणि खरंच, तोंडात गुळणी धरल्यासारखा बसलो.

त्या खडपाची गोष्ट मी पाड्यात कितीदा रंगवून सांगितली होती. धुक्यातून येताना ओहोटीने उघडे पडलेले खडक मी केसभर अंतरावरून कसे चुकवले, मचव्याचा तळ नुसता कसा घासला, आणि मी कसा म्हणालो की बरं झालं, फुकटात तळ साफ झाला. लोक हसायचे. भावाने तीच गोष्ट सांगितली. त्याने नाळीवरून फेस पाहिला होता. ‘दादा, डावीकडं घे’ असं तो ओरडला होता, एकदा नव्हे, परत परत, आणि मागून दर वेळी ‘ठाऊक हाय’ आलं होतं. मी वळवलं ते तळ घासल्यावर. खडक चुकवले ते मी नव्हे, आलेल्या एका लाटेने मचवा उचलून पलीकडे टाकला होता. मचव्यावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं, कारण माझ्यापुढे शीड होतं.

माझे कान तापले. तरी मी गप्प होतो.

“ते न्हाय सांगायचं मला,” भाऊ म्हणाला. “तेवढ्यावर मी सोडून गेलो नस्तो. ह्याच्या म्होरलं हाय.”

त्याचा आवाज बदलला. फाल्गुनात, तो म्हणाला, सकाळी मासळी घेऊन परत येत होतो. वारा भरपूर, मचवा पळत होता. कोणाच्या तरी जाळ्याचा मोडका खुंट पाण्याखाली, अगदी आपल्या वाटेत उभा होता. टोक दिसत होतं तेवढंच. मचवा त्यावर गेला असता तर पुढून चिरला असता.

“मी बघितला. लांबूनच बघितला. हाक तोंडात आली हुती, दादा. मी गिळली.” त्याने दोरी टाकून दिली. “मला वाटलं, आपटू दे. एकदा आपटू दे, मंग कळंल ह्याला. सगळी मानसं हुती वर. आपला जुना खलाशी झोपला हुता माझ्या पायाशी. आन् मी गप बसून बघत हुतो, आता लागंल, आता लागंल. वारा जरा फिरला म्हनून वाचलो. कुनाला कळलं न्हाय. तुला बी न्हाय. मला कळलं.”

मी त्याच्याकडे बघत होतो. माझा हात वर गेला. मारायलाच गेला होता, त्याबद्दल शंका नको. तो हलला नाही. त्याने तोंडही चुकवलं नाही.

“मार,” तो म्हणाला. “मला तवा तुझी न्हाय, माझी भीती वाटली. असा मानूस नाळीवर बसवू नये. म्हनून इडा उचलला न्हाय. बाकीची का आली न्हाईत ते त्यानला इचार, मला माझं ठाऊक.”

हात खाली आला. आमच्या वडिलांनी मरताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. इतका गरीब पोरगा, मासा मारतानाही तोंड फिरवणारा. त्याला मी या थराला आणलं होतं, तेही एकदाही वाईट बोललो नसताना. शिवी दिली असती तर त्याने उलट दिली असती आणि आम्ही मोकळे झालो असतो. मला फार भीती वाटली. त्या दिवशी खुंट लागला असता तर मी बुडालो असतो, आणि पाण्याखाली जातानाही ‘ठाऊक हाय’ म्हणतच गेलो असतो. मला रडू आलं, आणि ते त्याच्यापुढे आलं. तो बाजूला बसून राहिला. त्याने माझी समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला नवीन विडे करायला सांगितलं. तिने एक पान जास्त लावलं आणि म्हणाली, “खायला नव्हं, सांडलं तर असावं म्हनून.” परात डोक्याएवढी उंच धरून मी ओट्यावरून खाली उतरलो. तांडेल विडे घेऊन खलाशाच्या दारी जातो आहे, असं आमच्या पाड्यात कोणी पाहिलं नव्हतं. बायका जाळी टाकून दारात आल्या. समोरचा म्हातारा ओट्यावरून ओरडला, “वरात कुनाची रं?” मी मान खाली घालून चालत राहिलो. अंतर चार पावलांचं, शेजारचंच दार, पण ते मला बोर्लीच्या बाजाराएवढं लांब वाटलं.

भावाने दार उघडलं. मी परात पुढे केली. तो हात लावेना.

“इडा नको,” तो म्हणाला. “आधी येक फेरी येतो तुझ्यासंगं. मंग बघू.”

“आणि पौर्णिमा गेल्यावर?” मी विचारलं; विडे पौर्णिमेआधीच उचलायचे असतात. विड्याशिवाय मचव्यावर चढलेला खलाशी कोणाचाच नसतो, कधीही उतरून जाऊ शकतो. मला ते मान्य करावं लागलं. जुन्या खलाशाच्या दारी गेलो, त्यानेही तेच सांगितलं. “तुझा भाव नाळीवर बसनार असंल तर येतो. पन इडा न्हाय.” बाकीच्यांच्या दारीही तेच झालं, आणि भरलेली परात घेऊन मी घरी परत आलो. सगळा पाडा बघत होता. माझ्याबरोबर यायला माणसं तयार झाली होती, पण माझी म्हणून एकही नव्हतं.

पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिले, आणि दोन दिवसांनी आम्ही मचवा पाण्यात घातला. पाऊस ओसरला होता, पण समुद्राचं पोट अजून खाली बसलं नव्हतं. लाटा तिरक्या येत होत्या, आभाळ करडं, आणि पाणी गढूळ. मचव्यावर कोणी बोलत नव्हतं. समोरचा म्हातारा तांडेल म्हणाला होता ते सुतक मला पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं ते माझ्यामागे-पुढे होतं आणि मला ती शिस्त वाटत होती.

दिवेआगरच्या माडांची रांग मागे पडली. शीड भरलं. भाऊ नाळीवर पाठमोरा बसला होता, शिडाच्या कडेने मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. अचानक तो उठून उभा राहिला.

“दादा! उजव्या अंगाला! खुंट हाय, वळव!”

तिथे खुंट नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. त्या पट्ट्यात तळ खडकाळ, तिथे कोणी खुंट ठोकूच शकत नाही, हे मला वडिलांनी बोट दाखवून शिकवलं होतं. या खेपेला मला खरोखरच ठाऊक होतं. ते दोन शब्द जिभेच्या टोकावर आले. मी दात आवळले आणि सुकाणू दाबलं. मचवा वळला, शीड फडफडून रिकामं झालं, आणि बाजूने आलेली लाट थेट आत आली. जाळं, माणसं, भाकरी, सगळं भिजलं. जुना खलाशी पाणी उपसत सुटला, बाकीच्यांनी वल्ही धरली, आणि पाण्याच्या ओढीने आम्ही मागे मागे जात राहिलो. तेवढ्यात भावाने पाहिलेली ती वस्तू उजवीकडून हेलकावत गेली. नारळ होता. परवाच्या पूजेचा, शेंडी वर करून तरंगणारा नारळ.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सुटलो असतो. भाऊ वळून बघत नव्हता. त्याची मान ताठ झाली होती, खांदे वर आले होते, लहानपणी वडील ओरडणार असं कळलं की व्हायचे तसे. वल्ही मारणारे हळूहळू थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. मनात आलं, बघा, मी म्हणत नव्हतो? मनात आलं की एक शब्दही न बोलता नुसता श्वास टाकला तरी पुरे आहे. गप्प बसलो तरी ते उत्तरच झालं असतं, हे मला तेव्हा कळलं.

“नारळ होता व्हय?” मी म्हणालो. आवाज माझा नव्हता, चिरका आला. “सांगितलंस ते बरं केलंस. म्होरं बघ.”

शीड पुन्हा भरायला वेळ लागला. वारा धरला, मचवा चालू लागला, आणि पुन्हा ती शांतता पसरली. एकदा चुकलेला माणूस पुन्हा ओरडत नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतः कधी ओरडलो नसतो. पुढे शिडाआड काय होतं, देव जाणे. मी त्या पाठीकडे बघत होतो आणि वाट बघत होतो. कोणी मला काही सांगावं म्हणून मी जन्मात कधी अशी वाट पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याचा हात वर झाला. वळून न बघताच तो म्हणाला, पहिल्यापेक्षा हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “दादा, जरा डावीकडं.”

“किती?” मी विचारलं.

तेव्हा तो वळला. माझ्याकडे बघितलं, मग हात आडवा धरून दाखवलं, आणि मी तेवढंच वळवलं.